मालकाची भाषा

"आणि उद्या मालकानं भाषाच काढून घेतली तर, अप्पा?"

अप्पा मणेरीकर फणसाच्या उकडलेल्या आठळ्या सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठली भाषा?"

"मेहजबीननं ज्या भाषेत प्रोग्राम लिहिलाय ती. ती भाषा एका कंपनीची आहे. जन्म कंपनीच्या घरात, नाव कंपनीनं ठेवलेलं, नियम कंपनीचे. अशा भाषेत आपण माणसांच्या जिवाचं काम लिहायचं?"

"बस."

"मी बसायला आलो नाही."

"मग उभ्यानं सोल." अप्पांनी सूप पुढे सरकवलं.

सुधन्वा केळुसकर बसला. आठळीला मात्र हात लावला नाही.

हे घडलं कोकणातल्या एका सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर. पटसंख्या नाही म्हणून सरकारनं बंद केलेली शाळा, तिच्या दोन खोल्या आणि पुढे पडवी. तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यावर अप्पांनी इथे जुने संगणक आणून मांडले. शाळा रिकामी पडली होती तोवर तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. अप्पांनी दार उघडलं, तेव्हा मात्र परवानगी कुठे आहे म्हणून विचारायला जीप आली. आपल्याकडे बंद दाराला परवानगी लागत नाही.

पाच-सहा जण तिथे राहून प्रोग्राम लिहायला शिकतात. फी नाही, प्रमाणपत्र नाही. कुणी आश्रम म्हटलं की अप्पा चिडतात.

सुधन्वा त्यांच्यातला सगळ्यांत जुना. मेहजबीन काझी सगळ्यांत नवी.

आणि इथेच सगळी गोम होती.

अप्पांनी सगळ्यांना एक काम घातलं होतं. या भागात साप फार. माणूस चावला की घरचे त्याला जवळच्या आरोग्य केंद्रात नेतात. तिथे सर्पदंशावरची लस संपलेली असते. मग पुढच्या केंद्रात नेतात. पुढचं केंद्र घाटापलीकडे असतं. अधिवेशनात दर वर्षी कुणीतरी विचारतं, लस कमी का पडते. मंत्री उत्तर देतात, राज्यात साठा पुरेसा आहे. असतोही. फक्त साप चावला तिथे नसतो.

तेव्हा काम असं: प्रत्येक केंद्रातल्या सिस्टरनं संध्याकाळी लसीच्या किती कुप्या उरल्या ते भरायचं, आणि कुठे न्यायचं ते कुणालाही आपल्या फोनवर दिसायचं.

अट एकच होती. ते सगळीकडे चाललं पाहिजे. केंद्रातल्या धूळ खात पडलेल्या संगणकावर, आशाताईच्या स्वस्तातल्या फोनवर आणि डॉक्टरांच्या महागड्या फोनवरही.

सुधन्वानं तीन प्रोग्राम लिहिले. तीन यंत्रांसाठी तीन, आणि तिन्ही अशा भाषांत, ज्यांना कुणी मालक नाही. सुरेख लिहिले. पण एक बदल करायचा तर तो तीनदा करावा लागे, आणि तिसरा प्रोग्राम कायम मागे राही.

मेहजबीननं एकदाच लिहिलं. कंपनीच्या भाषेत. ते तिन्हीकडे चाललं.

अप्पांनी तिचं घेतलं. उद्या सकाळी ते तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांवर सुरू होणार होतं.

घेताना अप्पा तिला एक शब्द बोलले होते. "स्वच्छ."

सुधन्वा त्यांच्यापाशी इतकी वर्षं होता. "बरं आहे" त्याला मिळालं होतं. "चालेल" मिळालं होतं. एकदा दिवाळीत "वाईट नाही" सुद्धा मिळालं होतं.

"स्वच्छ" कधी मिळालं नव्हतं.

"बोल," अप्पा म्हणाले. "मालक भाषा काढून घेईल. पुढे?"

"पुढे काय, सगळं बसलं. आज फुकट देतात. सवय लागली की अटी घालतात. त्या अटी मेहजबीननं वाचल्यात का, विचारा तिला."

"तू वाचल्यास?"

"अक्षर न् अक्षर."

"बारीक टायपात असतात त्या."

"म्हणून तर वाचल्या."

अप्पांनी एक आठळी तोंडात टाकली. "खरं आहे तुझं."

सुधन्वा चमकला. तो भांडणाच्या तयारीनं आला होता. समोरचा इतक्या लवकर मान्य करतो तेव्हा भांडणाऱ्याची पंचाईत होते.

"खरं आहे ना? मग?"

"माझा नळपाणी योजनेचा प्रोग्राम तुला माहीत आहे."

माहीत होता. अप्पांनी उमेदीतली वर्षं घालून तो लिहिला होता, एका कंपनीच्या भाषेत. कोणत्या वाडीला कधी पाणी सोडायचं ते तो सांगे. पुढे कंपनीला ती भाषा परवडेना. तिनं रीतसर नोटीस पाठवून ती बंद केली. नवे संगणक आले, प्रोग्राम त्यांच्यावर उघडेना, आणि वाड्यावाड्यांत पुन्हा हंडे घेऊन भांडणं सुरू झाली. कंपनीच्या भागधारकांना त्या वर्षी लाभांश मिळाला. हंड्यांची नोंद त्यांच्या अहवालात नव्हती.

"म्हणजे तुम्ही पोळलेले आहात," सुधन्वा म्हणाला.

"चांगलाच."

"आणि तरी पुन्हा कंपनीचीच भाषा?"

"तरी."

"का?"

"तुझा तिसरा प्रोग्राम कुठवर आलाय?"

सुधन्वानं सूप उगाच पुढेमागे केलं.

"आशाताईच्या फोनवरचा. कुठवर आलाय?"

"होतोय."

"सापाला सांगून ठेवू?"

सुधन्वाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आतल्या खोलीतून मेहजबीनच्या हसण्याचा आवाज आला. ती फोनवर कुणाशी तरी बोलत होती, ह्यांच्या बोलण्याशी त्या हसण्याचा काही संबंध नव्हता. पण त्याला ते हसणं लागलं.

हल्ली त्याला तिचं सगळंच लागायचं. तिनं चहाचा पहिला कप घेतला तरी लागायचं. सकाळी उठून स्वतःचं काम उघडण्याआधी तो तिचं काम उघडून बघायचा. एकेक ओळ वाचायचा. ती चांगली निघाली की त्याची सकाळ वाया जायची.

"प्रश्न उशिराचा नाहीये, अप्पा," तो म्हणाला. "तत्त्वाचा आहे. मालक असला की तो काय करतो, सांगू? त्याच्या भाषेत दोष निघाला, तर तो कधी सांगायचा हे तो ठरवतो. आपला जीव जाईना का. तो त्याची सोय बघणार, त्याची वेळ बघणार, मग तोंड उघडणार."

अप्पांचा हात थांबला.

"हे वाईट."

"फार वाईट!"

"दोष ठाऊक असून गप्प बसायचं..."

"तेच तर."

"माणसानं असं करू नये."

"माणूस कुठला, अप्पा! कंपनी आहे ती."

अप्पांनी सालींचा ढीग एका बाजूला सारला. सड्यावरून वारा येत होता आणि कोपऱ्यातल्या साली पडवीभर पसरत होत्या.

"आज मेहजबीनचं उणं सांगितलंस?"

अप्पांकडे नियम असा होता, की दुपारचं ताट वाढण्याआधी प्रत्येकानं दुसऱ्याच्या कामातलं एक उणं सांगायचं. त्याच्या तोंडावर. गोड करून नाही, मागाहून नाही. सापडलं नसेल तर "सापडलं नाही" म्हणायचं. त्यानंतर जेवण. नवीन माणसाला पहिले काही दिवस घास गिळणं जड जाई, मग सवय होई.

"आज जेवण व्हायचंय अजून," सुधन्वा म्हणाला.

"काल काय सांगितलंस?"

"काल सापडलं नाही."

"परवा?"

"परवाही नाही."

"त्याआधी?"

"अप्पा, नसेल तर काय सांगू? काम चांगलं आहे तिचं. माझं भांडण तिच्याशी नाहीच. भाषेशी आहे."

"हं." अप्पांनी डोळे बारीक केले. "तुला माझ्या आमटीत दोष सापडतो."

"मीठ कमी असतं."

"शाळेच्या कौलांत सापडतो. परवा त्या पोस्टमनच्या सायकलीत सापडला."

"चेन सैल होती."

"आणि तिच्या कामात नाही."

"नाही."

"सुधन्वा, तू तिच्यावर जळतोस का रे?"

"मी? छे! काहीतरीच!"

"मग ठीक आहे." अप्पा पुन्हा आठळ्यांकडे वळले. "जळत असतास, तर सापडलं असतं."

...

सुधन्वानं पडवीच्या खांबाकडे पाहिलं. मग सड्याकडे. मग आपल्या पायांकडे.

अप्पांनी खिशातून स्वतःचा फोन काढून त्याच्या हातात दिला. काचेला तडा गेलेला, स्वस्तातला फोन.

"आशाताईंकडे असाच असतो. तिचा प्रोग्राम आहे त्यात. उघड."

सुधन्वानं उघडला.

"पाच कुप्या उरल्यात. भर."

आता एक गोष्ट सांगायला हवी. हा सुधन्वा मराठी आकड्यांसाठी जिवावर उदार होणारा माणूस. धनादेशावरची तारीख तो मराठीत घालतो. त्यावरून एकदा त्यानं बँकेतल्या बाईंना तासभर सुनावलं होतं. अप्पांच्या त्या फोनवर मराठी अक्षरांच्या कळा त्यानंच बसवून दिल्या होत्या, आणि वर बजावलं होतं, आता इंग्रजी आकडा घातलात तर माझ्याशी गाठ आहे.

त्याच्या अंगठ्यासमोर मराठी आकडे उभे होते.

अंगठा क्षणभर अधांतरी राहिला. मग त्यानं कळा बदलल्या. इंग्रजी आकडे आले. त्यानं पाच दाबला.

"झालं. पाच दाखवतोय."

"दोन वापरल्या. तीन उरल्या. भर."

पुन्हा मराठी कळा आल्या. पुन्हा त्यानं त्या बदलल्या.

"तीन. बघा."

अप्पांनी फोनकडे पाहिलं नाही. ते त्याच्या अंगठ्याकडे पाहत होते.

"आण इकडे."

त्यांनी फोन घेतला. बोटाला चिकटलेली साल धोतराला पुसली. कळा आल्या तशाच ठेवल्या आणि सावकाश एक मराठी शून्य उमटवलं.

फोन क्षणभर थबकला. काही कुरकुरला नाही. तांबडी अक्षरं आली नाहीत. "जतन झाले" असं मात्र आलं.

अप्पांनी काच त्याच्याकडे वळवली.

आकडा तीनच होता.

"लस संपलीय," अप्पा म्हणाले. "फोन म्हणतो, तीन आहेत. या."

...

"मराठी आकडा त्याला वाचताच येत नाही," सुधन्वा हळू आवाजात म्हणाला. "या जुन्या फोनांवर. नव्यांवर येतो. वाचता आला नाही, की तो आधीचा आकडा तसाच ठेवतो."

"कधीपासून ठाऊक आहे?"

"झाले... काही दिवस."

"आणि रोज जेवणाआधी 'सापडलं नाही' म्हणालास."

"खोटं नाही बोललो!" सुधन्वा एकदम उसळला. "दोष तिचा नाहीच आहे. तिच्या एकाही ओळीत चूक नाही. दोष भाषेतला आहे, कंपनीच्या. तुमचा नियम माणसाच्या कामातलं उणं सांगायचा आहे. मी नियमात राहून बोललो."

"तुला वकील करायला हवं होतं."

"अप्पा..."

"उद्या काय होणार होतं?"

"उद्या कळलंच असतं. सगळे येणार होते, आरोग्य अधिकारी, डॉक्टर, सिस्टर. एखादी सिस्टर मराठीत भरणार, आकडा हलणार नाही. सगळ्यांसमोर. मग तुम्हाला पटलं असतं, की मी म्हणत होतो ते..."

"आणि सगळ्या सिस्टरांनी उद्या नवे फोन आणले असते तर?"

सुधन्वानं पायाजवळची एक साल बोटानं ढकलली.

"मग परवा कळलं असतं," अप्पा म्हणाले. "घाटात."

त्यांनी मागे वळून हाक मारली. "मेहजबीन! जरा बाहेर ये गो."

ती आली. ओढणी कमरेला खोचलेली, कानामागे पेन्सिल. उद्याच्या तयारीत होती. चेहरा उजळ दिसत होता. सुधन्वाला तो उजेडही सोसवेना.

"सुधन्वाला तुला काही सांगायचंय."

सुधन्वानं सांगितलं. चार वाक्यांत. प्रत्येक वाक्याला त्याचा आवाज एकेक पायरी खाली उतरत गेला.

तिनं अप्पांच्या हातातून फोन घेतला. मराठीत सात घातला. आकडा तीनच राहिला. नऊ घातला. तीनच.

"या अल्ला," ती म्हणाली आणि मटकन पायरीवर बसली.

तिनं फोन मांडीवर पालथा ठेवला.

"माझी अम्मी मराठीच आकडे घालते फोनात," ती म्हणाली. "आणि मी इंग्रजी घालून तपासत बसले. इतके दिवस. एकदा तिच्या हातात फोन दिला असता तर..." मग तिनं मान वर केली. "तुला केव्हा कळलं?"

सुधन्वा वाकून पसरलेल्या साली गोळा करू लागला. तिला ते कळलं.

"मी तुझं उणं रोज सांगत होते, सुधन्वा. रोज. तू ताटावरून उठून जायचास."

"तू सगळ्यांसमोर सांगायचीस."

"सगळ्यांसमोरच सांगायचं असतं इथं! ... तुला माहितीय, मी सकाळी उठून आधी तुझं काम उघडायचे. माझं नंतर."

सुधन्वानं तिच्याकडे पाहिलं.

"जळायचे मी. तुझ्या तिन्ही प्रोग्रामांत मराठी कसं झऱ्यासारखं जातं. कुठे अडत नाही. अप्पा मला म्हणाले 'स्वच्छ'. मला वाटायचं, मी मराठी आकड्यांत शिरले तर सगळ्यांना कळेल, मराठी खरं कुणाच्या प्रोग्रामला येतं ते. म्हणून मी त्या भागाला हातच लावत नव्हते."

अप्पांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "छान," ते म्हणाले. "दोघेही शहाणे. आणि मध्ये सिस्टर."

मेहजबीन उठली. "त्या तुझ्या आकड्यांच्या ओळी दे. त्या माझ्या भाषेत उतरवते. जेवणाआधी होईल."

सुधन्वा जागचा हलला नाही.

त्या ओळी त्याच्या होत्या. त्याचे प्रोग्राम चालताना सगळ्यांनी पाहिले होते, या ओळी मात्र त्यानं कुणाला दाखवल्या नव्हत्या. कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या भाषांत लिहिलेल्या त्या ओळी त्यानं आपल्या संगणकात कुलूप घालून ठेवल्या होत्या. त्या एकदा तिच्या प्रोग्राममध्ये गेल्या की उद्या ते चालणार होतं. सगळीकडे. आणि त्यावर नाव तिचं असणार होतं.

"सुधन्वा?" ती म्हणाली.

...

"टेबलावर माझा संगणक आहे," तो अखेर म्हणाला. "कुलूप काढतो. चल."

दोघं आत गेले. मग तिचा आवाज आला, "हे असं? एवढंच?" मग त्याचा, "एवढंच म्हणू नकोस, ह्याला महिना गेलाय." मग पुन्हा तिचा, "फाइलचं हे नाव काय ठेवलंयस रे, वाचता तरी येतं का?" मग कळांचा खडखडाट.

सुधन्वा बाहेर आला तेव्हा सूप रिकामं झालं होतं. अप्पांनी तोच फोन पुढे केला. सुधन्वानं त्यात मराठी शून्य घातलं. आकडा शून्य झाला.

"चाललं," तो म्हणाला.

"हं."

तो तिथेच उभा राहिला. माणूस शरमला म्हणजे त्याचा प्रश्न संपला, असं नसतं. सुधन्वाचाही संपला नव्हता, आणि संपायला नकोही होता. ज्यानं त्या अटी अक्षर न् अक्षर वाचल्या, त्याला गप्प बसवणं सोपं नाही.

"अप्पा, मी चुकलो."

"हो."

"पण माझा प्रश्न चुकीचा नव्हता."

"नव्हता."

"मग त्याचं उत्तर द्या. आज आपण ती चूक झाकली, पण भाषा अजून कंपनीचीच आहे. उद्या तिला परवडलं नाही की ती आपल्याला वाऱ्यावर सोडणार. तुम्हाला सोडलं तसं."

"सोडेल."

"सोडेल म्हणता, आणि तरी तिच्या भरवशावर हे सगळं उभं करता?"

अप्पा उठले. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उभे राहिले. आतून मेहजबीन कुणाला तरी मोठ्यानं सांगत होती, तिच्या प्रोग्राममध्ये आज केवढं मोठं उणं निघालं ते, आणि ते कुणी काढलं ते.

अप्पा ते शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले. मग सुधन्वाकडे वळले.

"कंपनी निदान आधी कळवते रे."